दुभत्या गाईंची आहारव्यवस्था: हिशेब, गव्हाण, मिश्रण आणि रोजची तपासणी

गोठ्यात आहार तीनदा बदलतो. कागदावर एक ठरतो, गव्हाणीत दुसराच पडतो आणि गाय त्यातून निवडून तिसराच खाते. दूध निघतं ते या तिसऱ्यावर. म्हणून कोणता चारा आणि किती खुराक (पेंड, धान्य, पशुखाद्य) एवढ्यावर आहारव्यवस्था संपत नाही. तो कसा मोजला, किती बारीक कापला, कशात मिसळला, किती वाजता टाकला आणि मागे काय उरलं, हे सगळं तिच्यात येतं. जाणकाराकडून आहार बसवून घेतला, पण वैरण टाकणारा माणूस अंदाजाने पाट्या रिकाम्या करत असेल, तर तो कागद खिशातच राहतो.

आधी पाणी वजा करा

ओल्या चाऱ्याचं वजन फसवं असतं. हिरव्या मक्यात शंभर किलोमागे ७५ ते ८० किलो पाणीच असतं. लसूणघास आणि बरसीममध्ये ८० ते ८५, नेपियरमध्ये ८० च्या आसपास, चांगल्या मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ६५ ते ७०. कडबा, काड, पेंड, पशुखाद्य यांत मात्र जेमतेम १० टक्के. पाणी काढल्यावर उरतो तो शुष्क पदार्थ, म्हणजे ड्राय मॅटर. गाईची भूक, प्रथिनं, ऊर्जा यांचा सगळा हिशेब त्यावरच होतो. ‘रोज वीस किलो हिरवं खाते’ यातून काही कळत नाही. ती लसूणघास असेल तर पोटात साडेतीन-चार किलोच गेलं, मुरघास असेल तर साडेसहाच्या घरात.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत अचूक काटा आणि मायक्रोवेव्ह पुरे.

१. ढिगाच्या किंवा मुरघासाच्या पाच-सहा जागांवरून मूठमूठ घ्या, एकत्र कालवा आणि त्यातले बरोबर १०० ग्रॅम पसरट भांड्यात घ्या. भांड्याचं वजन आधी वजा केलेलं असावं.

२. मायक्रोवेव्हच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा. चारा सुकत आला की पेट घेऊ शकतो, तो धोका पेल्याने कमी होतो. आधी तीन मिनिटं चालवा, बाहेर काढून हलवा, वजन करा. मग एकेक मिनिट, शेवटी अर्धं-अर्धं मिनिट.

३. लागोपाठच्या दोन वजनांत एक ग्रॅमपेक्षा कमी फरक आला की थांबा. उरलेले ग्रॅम हेच शुष्क पदार्थाचे टक्के. नमुना काळा पडला, जळका वास आला, तर तो फेकून नव्याने घ्या.

मुरघासाची ही तपासणी आठवड्यातून एकदा करा. तोंड उघडं असताना पाऊस पडला असेल तर त्याच दिवशी. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

भूक किती, द्यायचं किती

दुभती गाय दिवसाला स्वतःच्या वजनाच्या ३ ते ३.५ टक्के शुष्क पदार्थ खाते, जास्त दुधाची असेल तर ४ टक्क्यांपर्यंत जाते. कामापुरतं सोपं सूत्र असं: वजनाचे २ टक्के, अधिक दुधाचा एक तृतीयांश. वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर १८० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ४४८ किलो येतं.

आता ४५० किलोची, १८ लिटर दूध देणारी गाय घेऊ. ९ अधिक ६, म्हणजे १५ किलो शुष्क पदार्थ. तो असा बसतो:

– मक्याचा मुरघास १८ किलो, ३२ टक्क्यांनी ५.७६ किलो शुष्क
– लसूणघास ८ किलो, २० टक्क्यांनी १.६ किलो
– कडब्याची कुट्टी २ किलो, ९० टक्क्यांनी १.८ किलो
– २० टक्के प्रथिनांचा खुराक ६.५ किलो, ९० टक्क्यांनी ५.८५ किलो

बेरीज १५ किलो. त्यात वैरणीचा वाटा ६१ टक्के, खुराकाचा ३९. मुरघासात ८ टक्के, लसूणघासात २० आणि कडब्यात ४ टक्के प्रथिनं धरली, तर एकूण सव्वादोन किलोच्या थोडी खाली येतात. आहारात हे प्रमाण १४ टक्क्यांच्या वर पडतं आणि १८ लिटरला पुरतं. ३० लिटरच्या गाईला ते १६ ते १७ टक्क्यांपर्यंत न्यावं लागेल आणि ऊर्जाही दाट करावी लागेल, कारण पोटाची जागा दुधाच्या प्रमाणात वाढत नाही. वरून १०० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. तयार पशुखाद्यात खनिजं आधीच असतील तर पिशवीवरचं प्रमाण वाचून तेवढी वजा करा.

आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या मुरघासाचा प्रथिन-तंतूचा अहवाल हाती आला की त्यावर पुन्हा मांडा.

आता पावसाचं पाहा. मुरघास भिजून ३२ चा २७ टक्क्यांवर आला आणि तुम्ही १८ किलोच टाकत राहिलात, तर शुष्क पदार्थ ४.८६ किलोच गेला. गाईमागे ९०० ग्रॅम वैरण गायब, खुराक मात्र तेवढाच. वैरण-खुराकाचं प्रमाण त्या दिवसापासून खुराकाकडे झुकतं, तीन-चार दिवसांत शेण पातळ होतं आणि खापर फुटतं नव्या आलेल्या पेंडीवर. त्या दिवशी मुरघास २१ किलोच्या थोडा वर टाकायला हवा होता, एवढंच.

वैरणीचा वाटा शुष्क पदार्थात ४० टक्क्यांखाली कधीच नेऊ नका. ५० च्या खाली जातानाही लांब तंतू पुरेसा आहे याची खात्री करा. कारण रवंथ. गाय दिवसाला सात ते नऊ तास रवंथ करते आणि शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. त्या लाळेतला बायकार्बोनेट हाच कोटीपोटातलं (गाईच्या पोटाच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यातलं) आम्ल मारतो. तंतू कमी झाला की रवंथ कमी, लाळ कमी, आणि स्टार्च मात्र आम्ल तयार करतच राहतो. कोटीपोटाचा पीएच ६ ते ६.८ मध्ये राहिला पाहिजे. तो रोज काही तास ५.८ च्या खाली जाऊ लागला की वरून न दिसणारं आम्लधर्मी अपचन सुरू झालं समजा.

कोणती पद्धत कोणाला

वेगवेगळं खाऊ घालण्याची पद्धत, म्हणजे आधी वैरण, मग खुराक, मग पुन्हा वैरण, ही आठ-दहा गाईंपर्यंत उत्तम चालते. प्रत्येक गाईला तिच्या दुधाप्रमाणे मोजून देता येतं आणि यंत्र लागत नाही. तिचे दोन नियम मोडले की ती नुकसान करते. रिकाम्या पोटी खुराक द्यायचा नाही. आधी अर्धा-पाऊण तास लांब वैरण. आणि एका वेळी अडीच-तीन किलोंपेक्षा जास्त खुराक एका गाईला द्यायचा नाही. साडेसहा किलो द्यायचा असेल तर तीन वेळा. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी सव्वातीन-सव्वातीन किलो उरकून टाकायची सवय सर्रास दिसते, आणि जास्त दुधाच्या गाई लंगडू लागतात त्यामागे बऱ्याचदा हीच असते.

संपूर्ण मिश्र आहार, म्हणजे टीएमआर, यात वैरण, खुराक, खनिजं सगळं एकत्र कालवून दिवसभर समोर ठेवतात. प्रत्येक घासात सारखंच मिळत असल्याने कोटीपोट स्थिर राहतं. पण एका गटातल्या सगळ्या गाईंना एकच आहार जातो, म्हणून गट करता आले नाहीत तर कमी दुधाच्या गाई लठ्ठ होतात. एकच गट असेल तर आहार सरासरी दुधापेक्षा २० ते ३० टक्के वरच्या दुधासाठी बसवतात. सरासरी १५ लिटर असेल तर १८ ते साडेएकोणीस लिटरसाठी. गट करायला जमत असेल तर पहिली फाळणी दुधावर करू नका; पहिल्या वेताच्या गाई आधी वेगळ्या काढा. त्या अंगाने लहान असतात, हळू खातात आणि मोठ्या गाईंनी गव्हाणीवरून हुसकल्या की परत येत नाहीत.

तिसरी पद्धत दोन्हींच्या मधली: सगळ्यांना मध्यम दुधापुरतं मिश्रण गव्हाणीत, आणि त्यावरच्या दुधासाठी खुराक वेगळा, हाताने किंवा गळ्यातला टॅग ओळखून खुराक सोडणाऱ्या यंत्राने. मध्यम कळपाला ही बहुतेक वेळा सर्वांत फायद्याची, कारण गट न करताही खुराक वाया जात नाही. यंत्र बसवलं तर एका भेटीला दीड-दोन किलोंची मर्यादा घाला, आणि महिन्यातून एकदा त्यातून पडणारा खुराक बादलीत धरून वजन करा. खुराक बदलला, गोळीऐवजी भरड आली, की एका फेऱ्याला पडणारं वजन बदलतं आणि यंत्र जुनाच आकडा दाखवत राहतं.

चराईवर असलेल्या गाईंचा हिशेब उलटा मांडतात: कुरणात किती खाल्लं ते नेमकं कळत नाही, म्हणून परतल्यावर गव्हाणीत किती उरतं त्यावरून पूरक आहार वर-खाली करतात. दव असताना कोवळ्या लसूणघासात किंवा बरसीममध्ये उपाशी गाई सोडू नका, पोटं फुगतात. आधी कोरडी वैरण खाऊ द्या. ज्वारीची कोवळी किंवा ताण बसून खुरटलेली ताटं फुलोऱ्याआधी जनावरांना घालू नका. त्यात हायड्रोसायनिक आम्ल असतं आणि जनावर तासाभरातही दगावू शकतं.

गव्हाण आणि पाणी

मोठ्या बांध्याच्या गाईला गव्हाणीवर ६० ते ७५ सेंटिमीटर रुंदी लागते, विण्याच्या आसपासच्या गाईंना ७५. गव्हाणीचा तळ गाय उभी राहते त्या जागेपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच ठेवा. गाय मान खाली घालून, चरताना खाते तशी खाते तेव्हा लाळ जास्त सुटते आणि चारा उधळला जात नाही. छातीच्या उंचीच्या खोल गव्हाणीत तोंड घालून खाणारी गाय चारा मागे फेकते आणि पायांखाली तुडवते. मानेच्या वर आडवा नळ साधारण १२० सेंटिमीटरवर असावा आणि खांबांच्या थोडा पुढे, चाऱ्याच्या बाजूला झुकलेला. गाईंच्या मानेवर एकाच जागी केस गेले, गाठ आली, तर नळ खाली किंवा मागे आहे.

मुरघासाचं आम्ल सिमेंट खातं. वर्ष-दोन वर्षांत खडी उघडी पडते, त्या फटींत जुना चारा कुजतो आणि नव्या चाऱ्यालाही त्याचा वास लागतो. गुळगुळीत फरशी किंवा आम्ल सोसणारा लेप द्या आणि कोपरे गोलाकार करा, म्हणजे झाडू पोचतो.

पाण्यावर लोक कमी लिहितात, आणि दूध सगळ्यात स्वस्तात वाढतं ते पाण्यानेच. एक किलो शुष्क पदार्थामागे चार-पाच लिटर पाणी लागतं. वरच्या हिशेबातल्या गाईला ६० ते ७५ लिटर, उन्हाळ्यात शंभराच्याही पुढे. धार काढून सुटलेली गाय पहिल्यांदा पाण्याकडे जाते आणि मिनिटाला दहा-वीस लिटर ओढते, म्हणून टाकीपेक्षा नळाचा जोर महत्त्वाचा. बांधलेल्या गोठ्यात दिवसातून दोन वेळा पाणी दाखवलं जातं तिथे नुसती चोवीस तास पाण्याची सोय केली तरी फरक दिसतो. हौदाच्या तळाला हात फिरवा. बुळबुळीत लागला तर आज धुवायचा. ते पाणी स्वतः प्यायला मन धजत नसेल तर गाईलाही आवडत नाही.

कुट्टी किती बारीक

फार बारीक कुट्टीने रवंथ तुटते, फार लांब ठेवली तर गाय दांडे बाजूला सारून खुराक वेचते. मिश्रणातली कोरडी वैरण ३ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे गाईच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा लहान. मुरघासासाठी मका १ ते २ सेंटिमीटर, आणि दाणा फुटलेला असलाच पाहिजे.

अंदाजावर राहायचं नसेल तर एकावर एक बसणाऱ्या चाळण्यांचा पेन स्टेट संच वापरतात. भोकं वरून १९, ८ आणि ४ मिलिमीटर, खाली बंद तळ. सुमारे दीड लिटर मिश्रण वरच्या चाळणीत टाका, सपाट जागेवर पाच वेळा हलवा, पाव फेरा फिरवा, पुन्हा पाच. असे आठ वेळा, म्हणजे एकूण चाळीस झटके. मग प्रत्येक थराचं वजन करा. दुभत्या गाईंच्या मिश्रणात वरच्या चाळणीवर २ ते ८ टक्के, दुसरीवर ३० ते ५०, तिसरीवर १० ते २० आणि तळाला ३० ते ४० टक्के असावं. वरच्या चाळणीवर पंधरा टक्के आले म्हणून खूश होऊ नका. तेवढा लांब भाग गाई खात नाहीत, उकरून टाकतात.

मिश्रण करताना

यंत्र असो वा फावडं, क्रम चुकला की बाकीचं चुकतं.

१. खनिज मिश्रण, मीठ, खायचा सोडा असल्या मुठीच्या वस्तू थेट टाकू नका. दहा गाईंची खनिजं आधी पाच-दहा किलो कोंड्यात किंवा पेंडीत कालवा. नाहीतर पहिल्या गाईला तीनशे ग्रॅम आणि शेवटच्या गाईला शून्य.

२. उभ्या मळसूत्राच्या यंत्रात आधी कोरडी लांब वैरण टाकून ती कापली जाऊ द्या, मग खुराक आणि खनिजांचं मिश्रण, मग मुरघास व हिरवं, सगळ्यात शेवटी पाणी किंवा मळी. आडव्या यंत्रांचा क्रम वेगळा असू शकतो, तो त्याच्या पुस्तिकेत पाहा.

३. यंत्र काठोकाठ भरू नका. ७० ते ८० टक्क्यांपलीकडे भरलं की वरचा थर नुसता फिरतो, मिसळत नाही.

४. शेवटची वस्तू पडल्यावर तीन ते पाच मिनिटं, बस. पंधरा मिनिटं फिरवलं तर चाऱ्याची पूड होते, आणि कागदावर ६१ टक्के असलेली वैरण कोटीपोटात खुराकासारखी वागते. फोन आला म्हणून चालू सोडलेलं यंत्र हे आम्लधर्मी अपचनाचं एक न लिहिलं जाणारं कारण आहे.

५. मिश्रण मूठभर दाबून सोडा. ते सैल गोळा होऊन हळूहळू उघडलं पाहिजे, पाणी गळता कामा नये, कोरडं भुरभुरताही कामा नये. शुष्क पदार्थ ४५ ते ५५ टक्के असला की बारीक खुराक वैरणीला चिकटून राहतो. कोरडा कडबा जास्त असेल तर त्यासाठी पाणी घालावंच लागतं.

यंत्राच्या काट्यावर आंधळा विश्वास नको. महिन्यातून एकदा ५० किलोची सीलबंद पोती चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा बघा. पाती बोथट झाली की कडबा कापला न जाता गुंडाळला जातो. आणि यंत्राच्या तोंडाशी जोरदार चुंबक लावा. तारेचा एक तुकडा पोटातून हृदयापर्यंत जातो, आणि गाठोड्याच्या तारा चाऱ्यात येतातच.

पाच-सात गाई असतील तर हे सगळं स्वच्छ फरशीवर होतं. खाली कुट्टी पसरा, त्यावर मुरघास, वर खुराक. फावड्याने कडेकडून उचलून मधे टाकत ढीग तीन-चार वेळा उलटा. मिश्रण नीट झालं का, हे पाहायचं तर गव्हाणीच्या दोन टोकांचे आणि मधले नमुने चाळून बघा. थरांची टक्केवारी जवळपास सारखी यायला हवी.

कधी टाकायचं

गाय दिवसात चार-सहा तास खाते, पण आठ-बारा हप्त्यांत. म्हणून गव्हाण तीन तासांपेक्षा जास्त वेळ रिकामी राहू देऊ नका. दिवसातून किमान दोनदा ताजं मिश्रण, त्यातलं एक धार संपून गाई परततील तेव्हा समोर हजर. ताजा चारा पाहून गाय उभी राहते, आणि तेवढ्या वेळात सडाचं तोंड मिटतं, हा वेगळा फायदा. मधल्या वेळात चारा पुढे ढकलत राहा: टाकल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत दोनदा, मग दिवसभरात चार-पाचदा, रात्री झोपण्यापूर्वी एकदा हमखास. उन्हाळ्यात दिवसाच्या आहारातला ६० ते ७० टक्के भाग संध्याकाळी उशिरा ते पहाटेपर्यंतच्या वेळात द्या. दुपारच्या उन्हात टाकलेला मुरघास दोन तासांत तापतो आणि गाई तो हुंगून सोडतात.

कोणताही बदल, नवी पेंड असो वा नवा मुरघास, १० ते १४ दिवसांत चढवत न्या. कोटीपोटातल्या जिवाणूंना नव्या आहाराशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

मुरघासाबाबत एवढंच: रोज समोरची पूर्ण भिंत सरळ कापा, थंडीत किमान १५ सेंटिमीटर, उन्हाळ्यात ३०. त्या दिवशी लागेल तेवढाच खाली पाडा. बुरशी लागलेला भाग मिसळून ‘खपवू’ नका. धान्य-पेंडीवरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन तर दुधातही उतरतं.

विण्याआधीचे आणि नंतरचे तीन आठवडे

वर्षभराचं दूध इथे ठरतं, आणि आहारव्यवस्था मोडते तीही इथेच, कारण या गाई थोड्या असतात आणि त्यांच्यासाठी वेगळं मिश्रण करायला कुणाला वेळ नसतो.

गाय विण्याआधी ६० दिवस आटवा, म्हणजे दूध काढणं थांबवा. सुरुवातीच्या पाच-सहा आठवड्यांत भरपूर कोरडी वैरण आणि १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पुरेत. अंगावरचं मांस १ ते ५ च्या मापावर ३ ते ३.५ ठेवा. ४ च्या पुढे गेलेली गाय विल्यावर खात नाही, अंगची चरबी झपाट्याने जाळते आणि कितनबाधा, म्हणजे किटोसिस, होते. आटलेल्या काळात तिला बारीक करायचा प्रयत्नही करू नका. ते काम दुधात असताना करायचं होतं.

शेवटच्या २१ दिवसांत खुराक १ किलोपासून सुरू करून २ ते ३ किलोपर्यंत न्या, तोच जो विल्यावर देणार आहात. या दिवसांत लसूणघास बंद ठेवा आणि कॅल्शियमचं खनिज मिश्रणही देऊ नका. विण्याआधी कॅल्शियम भरपूर मिळालं की गाईचं शरीर ते हाडांतून काढायचं विसरतं, आणि चीक सुटताच रक्तातलं कॅल्शियम कोसळून दुग्धज्वर होतो. जास्त दुधाच्या कळपात या काळात ॲनायोनिक क्षार (रक्त किंचित आम्लाकडे झुकवून हाडांतलं कॅल्शियम सुटायला मदत करणारे) देतात. ते काम करताहेत का, हे लघवीवरून कळतं: मोठ्या जातींच्या गाईंची लघवी पीएच पट्टीवर ६ ते ६.८ असावी. ८ आली तर क्षार पोटात जात नाहीत. ते चवीला कडू असतात, म्हणून मिश्रणातच द्यावे लागतात, वरून शिंपडून चालत नाही.

विल्याबरोबर कोमट पाणी, २० लिटर तरी, पिईल तेवढं. मग उत्तम प्रतीची वैरण. खुराक रोज पाव किलोने वाढवत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर न्या. दूध भराभर चढतं म्हणून खुराकही भराभर चढवायचा मोह होतो, आणि त्याच आठवड्यात भूक तळाला असते. गाय खुराक टाकून काडच खाऊ लागली, अंगाला गोडसर वास आला, तर पशुवैद्यकाकडून रक्तातलं कीटोन तपासून घ्या, लिटरला १.२ मिलिमोलच्या वर आलं की उपचार लागतो.

गव्हाण आणि शेण वाचायला शिका

सकाळी नवं टाकण्याआधी उरलेलं गोळा करून वजन करा. टाकलेल्याच्या ३ ते ५ टक्के उरायला हवं. काहीच न उरणं म्हणजे काटकसर नाही. कळपातली दबणारी गाय उपाशी राहिली. दहा टक्के उरलं तर चारा तापला आहे, पाणी बंद पडलं आहे किंवा हिशेब चुकला आहे.

उरलेलं कसं दिसतं तेही बघा. ते सकाळच्या मिश्रणासारखंच दिसलं पाहिजे. गव्हाणीत जागोजागी वाटीसारखे खड्डे, तळाशी काही नाही आणि काठाला नुसते दांडे, असं असेल तर गाईंनी तोंड खुपसून खुराक खाली गाळून खाल्ला आहे. दांडे लहान करा, पाणी घाला, मिश्रण दोनऐवजी तीन वेळा टाका, याच क्रमाने.

ताज्या शेणाचा पो तीन-चार सेंटिमीटर उंचीचा, कडांना वळ्या असलेला आणि मधे थोडा खोलगट असावा. पातळ, फेसाळ, चकचकीत शेण म्हणजे स्टार्च जास्त किंवा तंतू कमी. घट्ट, थरांवर थर रचलेलं शेण म्हणजे पाणी किंवा प्रथिनं कमी. शंका असेल तर तांब्याभर शेण पिठाच्या चाळणीत नळाखाली धुवा. अख्खे मक्याचे दाणे निघाले तर कापणी यंत्राचे रोलर दाणे फोडत नाहीत. बोटाएवढे लांब तंतू निघाले तर कोटीपोट चारा पचायच्या आधीच पुढे ढकलतंय. काचेसारखी, सापाच्या कातीसारखी पारदर्शक पापुद्री दिसली तर मोठ्या आतड्याला आम्लाने इजा झाली आहे. खुराक त्याच दिवशी कमी करा.

गाई बसलेल्या असतील तेव्हा मोजा: खात नसलेल्या आणि झोपेत नसलेल्या दहापैकी पाच-सहा तरी रवंथ करत असाव्यात. एका घोटाला ५० ते ६० वेळा चावणं नेहमीचं, ४० च्या खाली आलं तर तंतू तपासा.

दुधाचा अहवालही याच रांगेतला. फॅट प्रथिनांच्या खाली घसरली तर आधी चाळणी काढा, सोडा नंतर. खायचा सोडा, दिवसाला १०० ते २०० ग्रॅम, आधार देतो, पण मूळ दोष दुरुस्त करत नाही. दुधातला युरिया नायट्रोजन १०० मिलिलिटरमागे १० ते १४ मिलिग्रॅमच्या पट्ट्याच्या वर सतत राहिला तर प्रथिनं जास्त आहेत किंवा त्यांना वापरायला स्टार्च कमी पडतोय. आम्लधर्मी अपचनाचे परिणाम पायांवर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून लंगड्या गाईंचं कारण शोधताना आजच्या नव्हे, दोन महिन्यांपूर्वीच्या वहीची पानं उलटा. वहीत रोज चारच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: टाकलेलं वजन, उरलेलं वजन, मुरघासाचा शेवटचा शुष्क टक्का आणि त्या दिवशी कोणती पेंड किंवा कोणता मुरघास नव्याने उघडला ते.